चौथा पाय

कायदा म्हणजे माणसाने मुक्या प्राण्याला दिलेला आवाज होय. हे वाक्य माझं आहे, आणि ते मी तीनशे लोकांसमोर उभं राहून, उजवा हात किंचित वर करून म्हटलेलं आहे. पाळलेल्या हत्तींना क्रूर वागणुकीपासून संरक्षण देणारी नियमावली जाहीर झाली, त्या समारंभातली ही गोष्ट. वाक्य संपल्यावर टाळ्या पडायला हव्या होत्या. पडल्या नाहीत, कारण माईक बंद होता. शेवटच्या रांगेतून कुणीतरी "आवाज येत नाही हो" असं ओरडलं, आणि त्या दिवशी त्या सभागृहात खरं असं तेवढंच बोललं गेलं. घरी येऊन मी ते वाक्य बायकोला पुन्हा म्हणून दाखवलं, हातासकट. ती म्हणाली, "छान आहे. आता तो हात धुऊन घ्या आणि जेवायला बसा."

ते वाक्य आज आठवायचं कारण उशी. माझी मान दुखते. निवृत्त झाल्यापासून दहा महिने ती दुखते आहे आणि दहा महिने मी त्याबद्दल बोलतो आहे, त्यातलं दुखणं मला सोसवतं पण बोलणं बायकोला सोसवत नाही. म्हणून तिने सकाळीच पिशवी हातात दिली. "चौकात गाद्यांचं नवं दुकान उघडतंय आज. पहिल्या दिवशी सूट असते. एक उशी आणा. फार मऊ नको, फार कडक नको. आणि अहो, एकच आणा. मागच्या वेळी चप्पल आणायला गेलात आणि शिडी घेऊन आलात." शिडीवर दोन टक्के सूट जास्त होती, हे मी तिला अजून पटवू शकलेलो नाही. मी निघालो. चौकात गर्दी होती, ढोल वाजत होता, आणि दुकानाच्या दारात फुग्यांच्या कमानीखाली हत्तीण उभी होती. तिच्यासमोर जमिनीवर एक पांढरी गादी. गादीच्या एका टोकाला पाण्याने काठोकाठ भरलेला पेला. वर फलक: 'हत्ती उभा राहिला तरी शेजारच्याची झोप मोडणार नाही!' तिने पुढचा पाय गादीवर ठेवायचा, पेला हलायचा नाही, लोकांनी गादी घ्यायची, असा एकूण बेत. तिच्या गळ्यात लाल फितीला प्लास्टिकमध्ये बंद केलेला एक कागद लोंबत होता, आणि चाळीस फुटांवरून, चष्मा खिशात असतानाही, खालच्या कोपऱ्यातली सही मी ओळखली. स्वतःची सही माणूस कुठूनही ओळखतो. त्यासाठी आरशाजवळ जावं लागतं तसं जवळ जावं लागत नाही.

मी जवळ गेलो, आणि हत्तिणीने मला ओळखलं. सोंड माझ्या बाहीपाशी आली, खिशापाशी गेली, परत बाहीवर आली आणि तिथे क्षणभर थांबली. मला वाटलं, आता काहीतरी होईल. निवृत्त माणसाला आपल्याला कुणी ओळखलं की असंच वाटतं. झालंही. कुणी काही न सांगता तिने उजवा पुढचा पाय उचलला, मागे वळवला, तळवा दाखवला. मी पाचपर्यंत मोजीन एवढा वेळ धरला आणि ठेवला. मग डावा पुढचा. मग उजवा मागचा. तो खाली ठेवला, कान एकदा हलवले आणि ती थांबली. संपलं. दुकानाच्या मॅनेजरने माईकमध्ये ओरडून सांगितलं, "बघा, पाहुणीने सलाम केला!" हा माईक चालू होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली, "बघ, जनावराला कळतं. तुला एक मोजा उचलता येत नाही." मी हसलो, कारण सगळे हसत होते, आणि हसता हसता माझ्या कानांच्या पाळ्या तापायला लागल्या. तो सलाम नव्हता. ती माझी तपासणी होती. नऊ वर्षं, सरकारी पशुवैद्य म्हणून वर्षातून एकदा, मी तिच्या गोठ्यात जाऊन जी केली ती. मी तीन पाय पाहतो हे तिने पाठ केलं होतं. चौथ्याची ती वाटही पाहत नव्हती.

नमुना क्रमांक अकरा. पान दुसरं. चार ओळी: उजवा पुढचा, डावा पुढचा, उजवा मागचा, डावा मागचा. प्रत्येकीसमोर चार रकाने: तळवा, नखं, घोटा, वास. वासाचा रकाना माझ्या सांगण्यावरून घातला होता. हत्तीचा पाय आतून सडायला लागला की डोळ्याला दिसण्याआधी नाकाला कळतो, हे मी नियमावली ठरवणाऱ्या समितीला समजावून सांगितलं होतं, आणि समितीच्या अध्यक्षांनी तेव्हा रुमाल नाकाला लावला होता, पुरावा म्हणून. त्याच पानाच्या खाली, बारीक अक्षरांत, दोन नियम शेजारी शेजारी राहतात. एक: तपासणाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी तपासणीच्या वेळी प्राण्याचा एक मागचा पाय साखळीने बांधलेला असावा. दोन: चारही पाय उचलून पाहावेत. या दोघांचा संसार चालायचा तर तिसरा पाय पाहून झाल्यावर साखळी या पायातून काढून त्या पायात घालावी लागते. अर्ध्या तासाचं काम. पहिल्या वर्षी ऊन होतं. माहूत म्हणाला, कुलूप गंजलंय. किल्ली मालकाकडे, मालक बाहेर, आणि मालकाच्या कचेरीत चहा निवत होता. तीन पाय इतके स्वच्छ होते, की पाहून बरं वाटावं. मी चौथ्या ओळीत लिहिलं, 'वरीलप्रमाणे'. हा सरकारी कागदावरचा सगळ्यात निरुपद्रवी शब्द आहे. त्याला कुणी काही विचारत नाही. चारही रकान्यांत: तळवा वरीलप्रमाणे, नखं वरीलप्रमाणे, घोटा वरीलप्रमाणे, वास वरीलप्रमाणे. नाक तिकडे नेलंसुद्धा नव्हतं. पहिल्या वर्षी मला कारण होतं. दुसऱ्या वर्षी मला पहिलं वर्ष होतं. त्यानंतर तर काही लागतच नाही. माणूस आपल्या जुन्या अक्षरावर नवं अक्षर गिरवत जातो आणि त्याला अनुभव म्हणतात.

एकदाच कुणीतरी विचारलं होतं. धाकटी डॉक्टर. ती तेव्हा माझी साहाय्यक होती, कचेरीत सगळे तिला धाकटी डॉक्टर म्हणायचे, आज ती माझ्या खुर्चीवर बसते आणि तरी धाकटीच म्हणतात. मी तिसरा पाय पाहून रुमालाला हात पुसत होतो आणि ती माझ्या मागे कागद धरून उभी. "सर, चौथा?" एवढंच म्हणाली. मी म्हणालो, "पुढच्या वेळी." आणि मी तिच्याकडे पाहून हसलोही, वडीलधाऱ्यासारखं. ती पुन्हा विचारायची नाही हे मला त्या हसण्याआधीच माहीत होतं, हसलो ते त्याचसाठी. तिने कागदाकडे पाहत मान खाली घातली. आज चौकात, ढोलाच्या आवाजात, दोन शब्दांचा तो प्रश्न माझ्या कानाशी इतका स्पष्ट आला की मी मागे वळून पाहिलं. मागे एक माणूस गादीची किंमत विचारत होता.

"नमस्कार डॉक्टरसाहेब," माहूत म्हणाला. तोच माहूत, केस पांढरे झालेले, अंगात दुकानाने दिलेला चकचकीत अंगरखा, बाह्या आखूड. हातात छत्री. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता, छत्री मिटलेली होती आणि तिचं टोक घासून घासून सुईसारखं केलेलं होतं. नियमावलीत अंकुशाला बंदी आहे. अंकुशाची लांबी, आकडी, टोक, सगळं मीच सविस्तर लिहून घेतलं होतं, पळवाट राहू नये म्हणून. छत्रीचा उल्लेख राहिला. हत्तिणीच्या डाव्या कानामागे रंगाने वेलबुट्टी काढली होती, आणि वेलीला जी लाल फुलं होती त्यांतली काही ओली होती. "आक्का ओळखते तुम्हाला," माहूत म्हणाला. फायलीत ती नोंदणी क्रमांक सतरा. तो तिला आक्का म्हणतो. त्याच्यापेक्षा ती दोन वर्षांनी मोठी आहे, म्हणून. "शेवटची भेट झाली बरं झालं. आज संध्याकाळी ट्रक आहे. फिरत्या प्रदर्शनात चाललो आम्ही. चार दिवस रस्ता." मी विचारलं, "चार दिवस ती उभी राहणार?" "ट्रकात बसणार कुठं, साहेब? उभंच." "आणि मग?" "मग तिथं फिरायचं. तुमचा दाखला आहे ना, दोन महिने चालतो अजून. त्याच्यावरच परवानगी मिळाली." त्याने फितीचा कागद माझ्यासमोर उलटा करून धरला. प्रवासास व श्रमास योग्य. खाली तारीख, माझ्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यातली. त्या आठवड्यात मला रोज निरोपाचा चहा होता आणि रोज कुणीतरी म्हणायचं, साहेबांसारखा बारकाईने काम करणारा माणूस पुन्हा होणे नाही.

मी तिचा डावा मागचा पाय पाहिला. म्हणजे रबर पाहिलं. घोट्याभोवती साखळी, आणि साखळीखाली हातभर रुंद जाड काळं रबर, त्यावर दुकानाने सोनेरी कागद गुंडाळलेला. रबरही आमचंच. साखळीने कातडी सोलू नये म्हणून समितीने तीन दिवस चर्चा करून ते सक्तीचं केलं. सात सभासद होते. त्यांतल्या एकाने पहिल्या दिवशी विचारलं होतं, हत्ती साधारण केवढा असतो? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण हत्ती जवळून पाहिलेला मी एकटाच. आज हिशेब लागतो तो असा की मीही पाऊणच पाहिला होता. कागदावर ते रबर किती कनवाळू होतं! जखम होऊ नये म्हणून घातलेलं, आणि झालीच तर दिसू नये अशी उत्तम सोय. ती उभी होती तीन पायांवर. चौथा जमिनीला टेकला होता, पण तुम्ही उंबऱ्यावर ओला पाय टेकवता तसा, वजन न टाकता. इतकी वर्षं ती गोठ्यात तशीच उभी असायची आणि मी शेऱ्यात लिहायचो, 'स्वभाव शांत, हालचाल मोजकी.'

वास आला. ढोलवाल्यांचा घाम, नव्या फोमचा रासायनिक वास, फुग्यांचं रबर, या सगळ्यांच्या खालून, जमिनीलगत, गोडसर. मला तो ओळखायला क्षण लागला नाही आणि मी तो हत्तीवरून ओळखला नाही. आई शेवटचे पाच महिने अंथरुणावर होती. मी रोज कामावरून आलो की खोलीच्या दारात उभा राहायचो आणि म्हणायचो, "काय आई, ठीक ना?" आई म्हणायची, "ठीक." देखरेखीला येणाऱ्या बाईला विचारायचो, "ठीक ना?" ती म्हणायची, "ठीकच." पायांवर निळं पांघरूण असायचं, त्याच्या घड्या इतक्या सरळ असायच्या की वाटायचं, ज्या घरात घड्या इतक्या सरळ आहेत तिथे काय बिघडेल? वास येत होता. मी खिडकी उघडायचो. खिडकी उघडणं हा मी केलेला उपचार. एक दिवस बायकोने पांघरूण उचललं, दोन्ही टाचा पाहिल्या, आणि गरम पाणी आणायला गेली. नंतर रोज तीच ते सगळं करायची. मला एकदाच म्हणाली, तेही भांडी आवरता आवरता, पाठ माझ्याकडे करून, "तुम्हाला वरून बघायची सवय आहे." मला तेव्हा तिचा राग आला होता. तो राग मी जपून ठेवला होता, कुठे वापरावा हे न कळल्याने. आज तो मला सापडला, एकदम नव्यासारखा, आणि या खेपेला त्यावर नाव दुसऱ्याचं होतं.

"कुलूप उघडा," मी माहुताला म्हणालो. "साहेब, तो नको." "उघडा म्हणतो ना." "साहेब, चारचौघांत नको. मालक येतायत." "कुलूप गंजलंय का अजून?" माहुताने मालकाच्या वाटेकडे एकदा पाहिलं. मग त्याने चकचकीत अंगरख्याखाली कमरेला हात घातला आणि किल्ली काढली. वापरून वापरून गुळगुळीत झालेली. "गंजलं कधीच नव्हतं, साहेब. मालकांनी सांगितलं होतं, एकदा तसं म्हणून बघ. मी म्हटलं. तुम्ही बरं म्हणालात." तो खाली वाकून कुलपाशी बोलल्यासारखा बोलत होता. "मी दर वर्षी आदल्या रात्री हळद नि तेल लावायचो तिथं. म्हणायचो, उद्या साहेब बघतील, मग काहीतरी औषध लिहून देतील. पहिली तीन-चार वर्षं म्हणायचो हं. मग म्हणेनासा झालो." "मग सांगितलं का नाहीस?" मी ओरडलो. ओरडताना मी त्याला एकेरीवर आणलं हे मला कळलं. तो मात्र अहो-जाहोतच राहिला. "तुम्ही विचारलंत कुठं, डॉक्टरसाहेब? तुम्ही 'दाखव' म्हटलं असतंत तर मी दाखवला असता. माझी नोकरी गेली असती, पण दाखवला असता. न विचारता दाखवायला मला काय चार नोकऱ्या आहेत?"

गुडघे टेकून मी खाली बसलो. बसलो म्हणजे टप्प्याटप्प्याने खाली गेलो, मध्ये एकदा तिच्या मांडीला धरलं. कातडी गरम आणि खरखरीत होती, आणि हात लागल्याबरोबर ती आतून थरथरली. तिला कुणी त्या बाजूने शिवण्याची सवय नव्हती. साखळी निघाली. सोनेरी कागद निघाला. रबर निघेना, ते आता तिचंच झालं होतं. माहुताने पाणी मागितलं, आणि कुणाला काही सुचण्याआधी गादीवरचा तो काठोकाठ पेला सांडत सांडत उचलून तिथे ओतला. रबर सुटलं. त्याखाली काय होतं ते मी सविस्तर लिहिणार नाही. सविस्तर लिहायची जागा नऊ वर्षं माझ्यासमोर होती, चार रकाने आखून. साखळी बाहेरून काढली होती, पण कातडीत तिची एक साखळी उरली होती, कडी न् कडी दिसेल अशी. मी म्हणालो, "आक्का, पाय." तिला कळलं नाही. तीन झाले होते. मी पुन्हा म्हणालो. तिने सोंड मागे वळवून माझ्या डोक्यावरून फिरवली, मग मानेवरून, दुखऱ्या जागी, आणि मग फार सावकाश तिने तो पाय उचलला आणि तळवा माझ्या तोंडासमोर धरला. ढोल केव्हा थांबला होता कोण जाणे. बाई नवऱ्याला काही म्हणत नव्हती. पाचपर्यंत मोजायचं असतं. मी मोजलं.

मॅनेजर धावत आला. "काका, हे काय चाललंय? आमची गादी भिजली!" मागोमाग मालक, गाडीतून उतरून, दोन्ही हात पसरत. "अरे, डॉक्टरसाहेब! अलभ्य लाभ! असं जमिनीवर काय बसलात? खुर्ची आणा रे." नऊ वर्षांत हा माणूस माझ्याशी कधी वावगं बोललेला नाही. दर भेटीत मुलीची चौकशी करायचा. क्रूर माणूस कसा दिसतो याची मला जी कल्पना होती तिच्यात एवढा चांगला चहा पाजणारा माणूस बसतच नव्हता. मी म्हणालो, "हिला ट्रकात चढवायचं नाही." तो म्हणाला, "पण साहेब, तुमचाच दाखला आहे." म्हणाला तेही किती सौम्यपणे! मी उठून त्याच्या कानाखाली आवाज काढायला हवा होता. उठता येत नव्हतं. मग मी तिच्या पुढच्या पायांपर्यंत सरकत गेलो, हात वर करून लाल फीत ओढली, कागद हातात आला, आणि मी तो खाली ठेवून त्याच्यावर बसलो. निवृत्त वर्ग एक अधिकाऱ्याकडून हे कृत्य अपेक्षित नाही, पण माझ्याजवळ जी उरली होती ती सत्ता एवढीच: पंचाऐंशी किलो. मूळ दाखल्याशिवाय ट्रक नाक्यावरून पुढे जात नाही. म्हाताऱ्याला उचलून त्याच्याखालचा कागद काढायला गर्दीसमोर कुणी धजेना. मालकाने फोन लावला, आणि दहा मिनिटांत एक हवालदार आला, पोरगेलासा, सभ्य. "आजोबा, कशावर बसलात?" "सरकारी कागदावर." "कुणाच्या?" "माझ्या."

मीही फोन लावला. धाकटीने उचलला. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सर, दाखला रद्द करायला फेरतपासणी हवी. फेरतपासणीआधी मालकाला सात दिवसांची नोटीस. नियम चौतीस." "अगं, ट्रक संध्याकाळी आहे!" "मला कळतंय, सर. पण नियम तुमचाच आहे." खरं होतं. सात दिवस मीच घातले होते, मालकांना विनाकारण त्रास होऊ नये म्हणून. मालकांच्या त्रासाचा विचार आम्ही दिवसांत केला होता, हत्तींच्या त्रासाचा अंकुशाच्या लांबीत. मला सगळ्यांचाच राग आला. समितीचा, अध्यक्षांच्या रुमालाचा, मालकाच्या चहाचा, या गर्दीचा, जी अजून गेली नव्हती आणि फोन वर धरून सगळं टिपत होती, छत्री धरणाऱ्याचा आणि छत्री न दिसणाऱ्याचा. राग फिरून फिरून दमला की घरी येतो, तसा तो माझ्याच दारात आला. फोनवर नियमावलीची पानं उलटल्याचा आवाज येत होता. मग धाकटी म्हणाली, अगदी हळू, "सर, एक मार्ग आहे. चारही पाय पाहिले नसतील तर नियमाप्रमाणे तपासणी पुरीच झाली नाही. अपुऱ्या तपासणीचा दाखला हा दाखलाच नव्हे, तो रद्द करावा लागत नाही. आणि तपासणी पुरी होईपर्यंत प्राण्याला हलवता येत नाही. नियम एकोणीस. पण ते तपासणाऱ्याने स्वतः लेखी द्यावं लागेल. आणि सर, लेखी दिलंत तर चौकशी होईल. नऊच्या नऊ वर्षांची. पेन्शनही अडकेल. तुम्हाला माहीत आहे." मी म्हणालो, "तू तेव्हा विचारलं होतंस." ती म्हणाली, "हो सर."  रागावली असती तर बरं झालं असतं.

मग बायकोला फोन केला. "अगं, मी गादीच्या दुकानासमोर हत्तीखाली बसलोय." "शिडीपेक्षा बरं," ती म्हणाली. मी सांगितलं ते तिने ऐकून घेतलं. तिच्या बाजूला नळ चालू होता, तो तिने बंद केला. "पाय बघितलात?" तिने विचारलं. "बघितला." "खालून?" "खालून." "मग लिहून द्या की," ती म्हणाली. "चौकशीला येणाऱ्यांना चहा करीन मी. त्यांनाही सवय असेलच."

कागद नव्हता. जो होता त्याच्यावर मी बसलो होतो. हवालदाराने मॅनेजरकडून पावतीपुस्तकातलं एक पान आणलं. वर गादीचं चित्र, खाली 'शांत झोपेची हमी'. मी पेन उघडलं आणि हात नेहमीप्रमाणे सफाईदार वाक्यं जुळवायला लागला: अपरिहार्य कारणास्तव, तांत्रिक अडचणीमुळे, अनवधानाने. प्रत्येक शब्दावर स्वच्छ निळं पांघरूण, घड्या सरळ. तेवढ्यात आक्काने माझ्या पाठीमागे श्वास सोडला, तो मानेला लागला. मी लिहिलं: 'हत्तीण क्रमांक सतरा. डावा मागचा पाय मी नऊ वर्षांत एकदाही पाहिला नाही. पाहिला असं लिहिलं. आज पाहिला.' मग सवयीने रकाने आखले, आणि तळवा, नखं, घोटा, वास, चारही भरले, बारीक अक्षरांत, मागच्या बाजूलाही, जागा संपेपर्यंत. सही केली. ती सही प्लास्टिकमधल्या सहीसारखी आली नाही. हवालदाराने फोटो काढून धाकटीला पाठवला, पाच मिनिटांनी त्याच्या फोनवर उत्तर आलं, ते त्याने दोनदा वाचलं, टोपी नीट केली आणि मालकाला म्हणाला, "हिला हलवायचं नाही. डॉक्टरीणबाई गाडी घेऊन निघाल्यात." मालक मला म्हणाला, "साहेब, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." मी म्हणालो, "माझीही नव्हती." त्याने फोन काढला आणि वकिलाशी बोलत गाडीकडे गेला. वकील येईल. तारखा पडतील. पाय कितपत वाचेल, मला माहीत आहे, म्हणून मी ते माहुताला सांगितलं नाही. तो छत्री बगलेत धरून तिच्या पायावर पाणी घालत होता आणि काहीतरी पुटपुटत होता, बहुधा मलाच शिव्या. तिने चौथा पाय जमिनीला टेकवला, वजन न टाकताच. नियमावलीप्रमाणे आजचा दिवस तिचा होता. उद्याचं नियमावलीत नाही.

गर्दी गोल करून उभी होती. सगळे फोन माझ्याकडे वळलेले. कुणीतरी मॅनेजरच्या हातातला माईक घेऊन माझ्या तोंडासमोर धरला आणि हवालदार, आता आजोबावरून साहेबावर आलेला, आदराने म्हणाला, "साहेब, लोकांना काही सांगायचंय का?" सांगायचं होतं. पुष्कळ होतं. सात दिवसांबद्दल, छत्रीबद्दल, सोनेरी कागदाबद्दल, खिडकी उघडणाऱ्यांबद्दल; आणि ते वाक्यही होतं, आवाजाचं, आज ते म्हटलं असतं तर शेवटच्या माणसापर्यंत पोचलं असतं. उजवा हात आपोआप किंचित वर गेला. माईक चालू होता. मी घसा साफ केला, तो सगळ्या चौकाला ऐकू गेला.

"जरा हात द्या हो कुणीतरी," मी म्हणालो, "पायाला मुंग्या आल्यात, उठता येत नाहीये."